नेरूळचा फ्लॅट: नऊ व्हिजिट, एक ओला कोपरा

नेरूळ पश्चिम, स्टेशनपासून चालत बारा-पंधरा मिनिटांवरची सात मजली सोसायटी, ताबा १९९७चा. चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा) सुमारे ६१० चौरस फूट. हॉल पूर्वेला, मोठी बेडरूम पश्चिमेला आणि मधल्या पॅसेजला लागून कॉमन बाथरूम. मालक निवृत्त जोडपं. घर विकून पुण्याला मुलीजवळ राहायला जायचं ठरलं होतं. मेअखेरीस दोन एजंटांकडे घर दिलं आणि जुलैच्या मध्यापर्यंत नऊ पार्ट्या पाहून गेल्या. दुसऱ्यांदा एकही आली नाही. एकीने भाव सांगितला, तोही मागितलेल्या रकमेपेक्षा सहा लाख कमी. ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. घर मात्र असं आहे की ठाणे-नवी मुंबईत हजारो जणांना ते आपलंच वाटेल.

भाव चुकीचा नव्हता. त्याच सोसायटीत वर्षभरात झालेल्या व्यवहारांच्या आसपासच होता. जागाही चांगली. मग अडलं कुठे, हे शोधायला मुलीने एक साधी गोष्ट केली. दोन्ही एजंटांना फोन करून प्रत्येक पार्टीबद्दल तीन प्रश्न विचारले: आत आल्यावर आधी काय विचारलं, कुठे थांबले, आणि लिफ्टमधून उतरताना आपापसांत काय बोलले? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण मालकासमोर कोणी वाईट बोलत नाही. ‘छान आहे, कळवतो’ म्हणून लोक उतरतात आणि खरं बोलणं खाली पार्किंगमध्ये होतं. उत्तरं अशी आली: पाच जण पॅसेजच्या भिंतीपाशी थांबले होते, दोघांना ‘घरात कसला तरी वास’ आला, एकाने मापाचा घोळ काढला, आणि एकालाच भाव जास्त वाटला.

पॅसेजच्या भिंतीचं प्रकरण असं. बाथरूमलगतच्या भिंतीवर, बीमच्या खाली, दोन वर्षांपासून डाग होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या तोंडावर, पेंटरने तीन दिवसांत तो खरवडून पुट्टी भरली आणि दोन हात मारले. जूनअखेर तिथे तळहाताएवढा फुगा आला. बोटाने दाबला की आतून पांढरी भुकटी खाली पडायची. तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर प्लास्टरमधून बाहेर आलेले क्षार. भोवतालचा रंग ताजा आणि मध्येच फुगा, हे दृश्य जुन्या डागापेक्षा वाईट. जुना डाग पाहून माणूस म्हणतो, ‘ओल आहे.’ ताज्या रंगाखालची ओल पाहून म्हणतो, ‘लपवलंय.’ आणि मग बाकीच्या घरातही काय काय लपवलं असेल, याचा हिशेब मनात सुरू होतो. सहा लाखांची कपात त्याच हिशेबातून आली. दुरुस्तीचं बिल समोर असेल तर वाटाघाट त्या बिलाभोवती होते. बिल नसेल तर गिऱ्हाईक आपल्या भीतीची किंमत लावतं, आणि ती नेहमी बिलापेक्षा मोठी असते.

म्हणून पहिला निर्णय झाला तो व्हिजिट थांबवण्याचा. एजंटांना हे आवडलं नाही. ‘काका, घर बाजारातून काढलं की लोक विसरतात,’ असं एकाने ऐकवलं. पण अर्धवट दाखवलेलं घर विसरलं जात नाही, ते ‘तो ओलीचा फ्लॅट’ म्हणून लक्षात राहतं, आणि एकाच भागातले एजंट एकमेकांशी बोलतात. नवरात्रापर्यंत जाहिरात मागे घेतली.

ओल कुठून येते

पाणी चार ठिकाणांहून येऊ शकत होतं: बाहेरच्या भिंतीतून पाऊस, डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला) सामाईक पाइप, वरच्या बाथरूमची पाण्याची लाइन, किंवा वरच्या बाथरूमचा निचरा. यातलं कोणतं, हे न कळता कोणी वॉटरप्रूफिंगचं केमिकल विकायला आला तर त्याला परत पाठवावं. आतल्या बाजूने कितीही कोट मारले तरी मागून येणारं पाणी कोट ढकलून बाहेर येतं.

मालकांनी साध्या पेन्सिलने ओलीच्या कडेवर रेघ ओढली, बाजूला तारीख लिहिली, मोबाइलवर फोटो काढला. दर रविवारी नवी रेघ. दोन रविवारांत दिसलं की पाऊस कितीही पडला तरी ओलीची कड तेवढीच सरकते, म्हणजे पाऊस गुन्हेगार नाही. डक्टचा पाइप त्या भिंतीपासून दूर होता. राहिलं वरचं बाथरूम.

इथे खरी कसोटी शेजारधर्माची. वर जाऊन ‘तुमच्यामुळे आमची भिंत खराब झाली’ म्हटलं की दार बंद. काकू स्वतः वर गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “अगं, तीन दिवस ते बाथरूम वापरू नकोस, म्हणजे कळेल तरी. तुझ्याकडे गळतं असं मी म्हणत नाहीये.” वरच्या बाईंनी लगेच होकार दिला. “काकू, आधीच सांगायचं ना,” हे त्यांचं उत्तर. दोन वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

पहिली तीन दिवसांची चाचणी: बाथरूम बंद, पण पाण्याचा कॉक चालू. लाइनमध्ये पाणी दाबाखाली असूनही ओल वाढली नाही, म्हणजे लाइन ठीक. दुसरी चाचणी: नहाणीच्या जाळीखाली कापडाचा बोळा आणि प्लास्टिक घट्ट बसवून फरशीवर दीड इंच पाणी चोवीस तास तुंबवलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली होती. पातळी जवळपास तेवढीच राहिली आणि खालची रेघही हलली नाही, म्हणजे फरशीचे सांधेही ठीक. मग बोळा काढून ते सगळं पाणी एकदम सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची ओल पेन्सिलच्या रेघेबाहेर चांगली दोन बोटं आली होती. दोष नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून गटाराची हवा अडवणारा भाग) आणि पाइप यांच्या जोडात सापडला. बहुतेक घरांत ही दुसरी पायरी गाळली जाते. नुसतं पाणी तुंबवून ‘काही झालं नाही’ म्हणून सोडून देतात, आणि निचऱ्याचा दोष तसाच राहतो.

खर्च कोणाचा, हे सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) स्पष्ट आहे. पावसाची, गच्चीची, सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी कमिटीच्या सल्ल्याने उचलायचा. नियमावर बोट ठेवून वरच्यांकडून सगळा खर्च मागता आला असता. मालकांनी अर्धा दिला, सात हजार रुपये. हा शहाणपणा होता, कारण पत्रव्यवहारात गेलेला एक महिना त्यांना त्याहून महाग पडला असता.

दुरुस्तीत पूर्ण बाथरूम फोडलं नाही. ट्रॅपभोवती दोन फूट चौरस फोडून जुना ट्रॅप काढला, नवा बसवला, जोड पक्का केला. फोडलेल्या भागावर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि ट्रॅपच्या गळ्यापर्यंत नेलेला. तो वाळल्यावर लाद्या, मग पुन्हा पाणी तुंबवून आणि सोडून चाचणी. या वेळी अठ्ठेचाळीस तास थांबले.

नवखे लोक पुढच्या टप्प्यावर फसतात. गळती थांबली तरी भिंत लगेच वाळत नाही. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वरचा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. त्या भरावात महिनोन्‌महिने मुरलेलं पाणी हळूहळू झिरपत राहतं. इथेही दुरुस्तीनंतर सुमारे अडीच आठवडे ओल होती. या काळात घाबरून ‘काम फसलं’ म्हणत गवंड्याशी भांडण होतं, नाहीतर उलट, घाईने रंग मारला जातो. पेन्सिलच्या रेघांनी इथे धीर दिला: प्रत्येक रविवारची रेघ मागच्या रेघेच्या आत येत होती.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात प्लास्टर उकरलं. दिसणाऱ्या ओलीच्या कडेपलीकडे एक फूट जास्त, कारण क्षार डोळ्याला दिसतात त्यापुढेही पसरलेले असतात. हातोडीच्या दांड्याने टकटक करून पोकळ वाजेल तेवढं सगळं काढलं. आतली लोखंडी सळी गंजलेली नव्हती. गंजलेली असती आणि बीमला चीर असती, तर ते गवंड्याचं काम राहिलं नसतं. कमिटीला कळवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं लागलं असतं. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडला. तो पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा विटांत शिरतात. लगतच्या स्विचबोर्डची लाइन एमसीबीवरून (त्या लाइनच्या आपोआप पडणाऱ्या स्विचवरून) बंद ठेवली होती, हे सांगायला हवं. ओल्या भिंतीतला स्विचबोर्ड ही रंगापेक्षा मोठी काळजी.

नवं प्लास्टर एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे २०० मिलिलिटर वॉटरप्रूफिंग द्रव या प्रमाणात. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्यानंतर भिंत तशीच उघडी ठेवली. गणपती त्याच काळात आले. पाहुण्यांनी ‘रंग का नाही केलात’ म्हणून विचारलं, तरी केला नाही. नव्या प्लास्टरला रंगाआधी चार आठवडे द्यावेत, आणि पावसाळ्यात तेवढे तरी द्यावेतच. पावसाच्या दिवसांत खिडक्या बंद आणि पंखा भिंतीकडे, उन्हाच्या दिवसांत खिडक्या सताड उघड्या. हॅलोजन लावून भिंत भाजायचा मोह टाळला, कारण एकदम सुकलेल्या प्लास्टरला केसासारख्या चिरा पडतात.

रंगाआधीची शेवटची परीक्षा फुकट होते. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक भिंतीला लावून चारही कडा टेपने बंद करायच्या आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंतीत अजून पाणी आहे. इथे पहिल्यांदा दव आलं, म्हणून आणखी सहा दिवस थांबले. दुसऱ्यांदा कोरडं निघालं. मग व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ थर. पीओपी नाही, कारण ते जिप्समचं असतं आणि थोड्या ओलीतही भुसभुशीत होतं. नंतर प्रायमर आणि दोन हात. रंग नुसत्या तुकड्याला न देता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण पॅसेज आणि हॉल केला. ठिगळ कितीही हुबेहूब असलं तरी तिरप्या उजेडात दिसतं. रंगकाम पहिल्या व्हिजिटच्या दहा दिवस आधी संपलं. ताज्या रंगाचा वास आला की माणूस आधी विचारतो, ‘का मारला?’

वास

‘कसला तरी वास’ हा तीन वासांचा मिळून होता. मोठ्या बेडरूमचं बाथरूम गेली काही वर्षं बादल्या आणि जुनी वॉशिंग मशीन ठेवायला वापरत. तिथल्या नहाणीत पाणीच पडत नव्हतं. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाण्याचा थर असतो, तोच गटाराची हवा अडवतो. तो आटला की वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. उपाय एक बादली पाणी, आणि मग दर चार-पाच दिवसांनी पुन्हा. घर बंद ठेवून गावी जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडावं, पाणी सावकाश आटतं. विक्रीला काढलेली बंद घरं या एकाच कारणाने किती वाईट वास मारतात, हे मालकांना कळतच नाही, कारण एजंट दार उघडतो तेव्हा ते तिथे नसतात.

दुसरा वास डांबरगोळ्यांचा. कपाटातल्या शालू-शालींत, माळ्यावरच्या गाद्यांत, अगदी शू-रॅकमध्येही. सगळ्या काढून कपाटं दोन दिवस उघडी ठेवली, तरी वास जायला आठवडा लागला. तिसरा बुरशीचा. पश्चिमेच्या बेडरूममध्ये लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून होतं. चौघांनी मिळून सरकवलं, तेव्हा मागे कंबरेच्या उंचीपर्यंत भिंत काळी झालेली. वारा नाही, थंड भिंत आणि पावसाळी दमट हवा, एवढं पुरतं. ही गळती नव्हे. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी करून हातमोजे घालून भिंत पुसली, वाळवली, आणि कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ठेवलं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. कपाटाची पाठ ब्लीचने पुसायची नाही. साबणाच्या पाण्याचा पिळलेला कपडा, मग पंखा.

व्हिजिटच्या आधी रूम फ्रेशनर फवारायची सवय एका एजंटला होती, ती थांबवली. दाराशी मोगऱ्याचा भपकारा आला की नाक त्यामागचं शोधू लागतं. सकाळच्या पूजेची उदबत्ती विझून तासभर झालेला असतो, तेवढा वास मराठी घराला पुरे. व्हिजिटच्या दिवशी मासे, लसणाची फोडणी हे मात्र संध्याकाळवर ढकललं.

माळा, खिडक्या, दारं, दिवे

सामानाबद्दल मुलीला आईशी सर्वांत जास्त बोलावं लागलं. माळ्यावर पितळी घागरी, गणपतीचं मखर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, शाळेच्या वह्या. ‘फेकून दे’ म्हणणं चुकीचं आणि निरुपयोगी. पुण्याला जाणारं, भावकीत द्यायचं, रद्दी-भंगारात जाणारं असे ढीग करून पहिला ढीग आताच खोक्यांत बांधला. नाहीतरी घर बदलताना बांधायचाच होता. कपाटं आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या साधारण एक तृतीयांश मोकळ्या केल्या. गिऱ्हाईक कपाट उघडतंच, आणि खच्चून भरलेलं कपाट ‘या घरात जागा कमी पडते’ एवढंच सांगतं. हॉलमधला जास्तीचा दिवाण शेजारच्या बिल्डिंगमधल्या भाच्याकडे गेला. एवढ्याने हॉल दोन फुटांनी मोठा झाल्यासारखा दिसला.

खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या, सायकलचा टायर, रंगाचे डबे होते. ते काढल्यावर हॉलमध्ये जो उजेड आला, तो कुठल्याही दिव्याने आला नसता. मच्छरजाळ्या काढून साबणाने धुतल्या, स्लाइडिंगच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने काढली आणि पाणी बाहेर जायची बारीक भोकं सुईने मोकळी केली. ती बुजली की पावसाचं पाणी आत उतरतं आणि खिडकीखालची भिंत फुगते.

बेडरूमचं दार जुलैत फरशीला घासत होतं. सुताराने लगेच रंधा मारायची तयारी केली. आधी बिजागरीचे स्क्रू तपासले तर वरचे दोन ढिले. ते लांब स्क्रूंनी आवळल्यावर दार उचललं गेलं. फुगलेलं लाकूड पावसाळ्यात तासलं तर डिसेंबरात खाली बोटभर फट दिसते. कॉमन बाथरूमचं लाकडी दार मात्र खालून कुजलेलं होतं. ते बदलून पीव्हीसीचं बसवलं, साडेचार हजारांत. बाथरूम ‘चकाचक’ करायला सफाईच्या बाईंनी अ‍ॅसिडची बाटली आणली होती, ती परत दिली. अ‍ॅसिड लाद्यांमधला सिमेंटचा जोड खातं आणि वाफेने नळांचं क्रोम काळवंडतं. थोडा वेळ भिजवून डिटर्जंट आणि घासणी, मेहनत जास्त पण नुकसान नाही.

हॉलमध्ये एक पांढरी ट्यूब, एक पिवळा बल्ब, पॅसेजमध्ये निळसर दिवा, अशी मिसळ होती. सगळे दिवे ४००० केल्विनचे केले. हा रंग पिवळाही नाही आणि दवाखान्यासारखा पांढराही नाही, भिंतीचा रंग खरा दिसतो. गीझरचा १५ अँपिअरचा प्लग करपलेला होता, तो सॉकेटसह बदलला. डीबीमध्ये (घराच्या मुख्य वीजबोर्डात) प्रत्येक एमसीबीखाली कोणत्या खोलीचा ते मराठीत लिहिलं आणि आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून ट्रिप होतं का पाहिलं. जाणकार गिऱ्हाईक हे बटण स्वतः दाबतं.

कागद आणि माप

मापाचा घोळ एजंटने केला होता. जाहिरातीत ‘साडेआठशे’ लिहिलं होतं, ते सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून. लेझर मीटर घेऊन आलेल्या पार्टीला कार्पेट ६१० निघालं आणि तिचा विश्वास उडाला. नव्या जाहिरातीत फक्त कार्पेट लिहिलं. प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी फूट-इंचात मोजून एका कागदावर मांडली, तो कागद प्रत्येक पार्टीच्या हातात दिला.

नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची (शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची), भाडेपट्ट्यावर दिलेली. त्यामुळे बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, ‘सिडकोचं ट्रान्सफर झालंय का?’ मालकांनी हे घर २००४ मध्ये पहिल्या मालकाकडून घेतलेलं. म्हणून फाइलमध्ये १९९७चा बिल्डरबरोबरचा करार, २००४चा करार, दोन्हींचे इंडेक्स-टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सिडकोचं हस्तांतरणाचं पत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, दोघांच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती आणि फेडलेल्या कर्जाचा बँकेचा दाखला. साखळीतला जुना मूळ करार सापडत नसेल तर गिऱ्हाइकाचं कर्ज तिथेच अडतं. तो शोधायचा तर व्हिजिट सुरू होण्याआधी. वीजबिल मात्र वीस वर्षं पहिल्या मालकाच्याच नावावर येत होतं. नाव बदलायचा अर्ज महावितरणकडे तेव्हाच केला.

व्हिजिटला झेरॉक्स दाखवायच्या, त्यांवर ‘फक्त पाहणीसाठी’ असं लिहून. आधार-पॅनच्या प्रती टोकन (व्यवहार पक्का करणारी आगाऊ रक्कम) ठरेपर्यंत कोणाला द्यायच्या नाहीत.

सोसायटीबद्दल दोन प्रश्न हमखास येतात. स्ट्रक्चरल ऑडिट झालं का? आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. अहवालाची प्रत सेक्रेटरींकडून आणून ठेवली. दुसरा प्रश्न, रीडेव्हलपमेंट कधी? एजंट ‘लवकरच, डबल एरिया’ असं सांगून मोकळा व्हायचा. त्याला स्पष्ट सांगितलं की सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात जेवढं लिहिलंय तेवढंच बोलायचं. इतिवृत्तात काहीच नव्हतं, म्हणून काहीच बोलायचं नाही. ट्रान्सफर प्रीमियमचं (घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेचं) विचारलं तर उत्तर सोपं: महापालिका क्षेत्रात सोसायटीला २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही.

व्हिजिटचा दिवस

वेळ शनिवार-रविवार सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ठेवली. हॉल पूर्वेचा, तेव्हा ऊन आत असतं; पश्चिमेची बेडरूम दुपारी चारनंतर तापते. सकाळी सोसायटीची टाकीही भरलेली असते, नळ सोडून दाखवता येतो. पाण्याचा प्रश्न इथे ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्याइतका टोकाचा नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. पण लोक विचारतात, आणि नळ सोडून दाखवणं हे बोलण्यापेक्षा बरं.

दोन पार्ट्यांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर. ‘काका, पार्टी खालीच आलीय’ असे ऐनवेळचे फोन बंद. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. वीस मिनिटं आधी खिडक्या उघड्या, पंखे सुरू, टीव्ही बंद, सगळे दिवे लावलेले, दारासमोरच्या चपला आत. दागिने आणि मूळ कागद लॉकरमध्ये. घरात एकच माणूस, आणि त्याने मागे मागे फिरायचं नाही. नवरा-बायकोला दोन मिनिटं एकमेकांशी कुजबुजायला मिळाली की ती फर्निचर कुठे लावायचं ते बोलू लागतात. खोल्या दाखवायचा क्रमही ठरवला: हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज, बेडरूम, आणि शेवटी पुन्हा हॉल, म्हणजे बसणं तिथेच होतं.

पॅसेजमध्ये मात्र मालकांनी स्वतः थांबायचं. कोणी विचारायची वाट न पाहता सांगायचं: इथे ओल होती, वरच्या ट्रॅपमधून, ऑगस्टमध्ये दुरुस्त झाली. सोबत एक कागद, त्यावर पेन्सिलच्या रेघांचे तारखांसह फोटो, फोडलेल्या ट्रॅपचा फोटो, प्लंबर आणि गवंड्याची बिलं. एजंटचा याला विरोध होता, ‘आपणच कशाला काढायचं?’ पण हाच मुद्दा ठाम धरला हे योग्य झालं. शेजाऱ्याकडून किंवा वॉचमनकडून टोकननंतर कळलेली ओल व्यवहार मोडते.

एकूण खर्च बावन्न हजार: वरच्या दुरुस्तीचा वाटा ७,०००, गवंडी आणि साहित्य ६,५००, रंग २१,०००, बाथरूमचं दार ४,५००, वीजकाम आणि दिवे ५,२००, प्लंबर २,३००, सफाई आणि पेस्ट कंट्रोल ५,५००. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, नव्या लाद्या यांतलं काहीच केलं नाही. घेणारा ते आपल्या आवडीने करतो, आणि तुमच्या आवडीचे पैसे देत नाही.

पितृपक्षात तसंही कोणी घर बघायला येत नाही, ते दिवस रंग सुकण्यात गेले. घटस्थापनेनंतर नऊ दिवसांत सहा पार्ट्या आल्या. दोन पुन्हा आल्या. त्यांतल्या सीवूड्सला भाड्याने राहणाऱ्या जोडप्याने पॅसेजचा कागद शांतपणे वाचला, भिंतीवर तळहात ठेवला आणि विचारलं, “काका, परतीच्या पावसात एकदा येऊ का?” काकांनी सांगितलं, “जरूर या. वरच्या वहिनींनाही भेटा.” चार दिवसांनी संध्याकाळी विजांसह जोरदार सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती दोघं आली, सोबत त्या बायकोचे वडील. त्यांनी भिंत पाहिली, वर जाऊन बाथरूमचा नळ पाच मिनिटं सोडून ठेवला, खाली येऊन पुन्हा हात लावला. घासाघीस झाली ती पार्किंग आणि बेडरूमच्या एसीवर. भाव मागितलेल्यापेक्षा सव्वा लाखाने खाली आला, टोकन दसऱ्याला दिलं. पॅसेजचा तो कागद त्यांनी करारांच्या फाइलमध्ये, इंडेक्स-टूच्या मागे लावून नेला.